जपानी व्हेंडिंग मशीनवर कार्डाने आणि मोबाइलने पैसे कसे भरायचे

जपानला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: विमानतळावरून शहरात जाण्याआधी रेल्वेचं प्रीपेड कार्ड घ्या आणि त्यात दोन-तीन हजार येन भरून ठेवा. ते लोकलला चालतं, बसला चालतं, दुकानात चालतं आणि रस्त्यावरच्या व्हेंडिंग मशीनवरही चालतं. मोबाइलचं नंतर निवांत बघता येईल. भारतातून गेलेल्या माणसाला मोबाइलची वाट तिथे वाटते तेवढी सरळ नाही, आणि ऑगस्टच्या उकाड्यात घसा कोरडा पडलेला असताना मशीनसमोर उभं राहून अॅप डाउनलोड करण्याची वेळ कुणावर येऊ नये.

जपानमध्ये सगळ्या प्रकारची मिळून सुमारे ४० लाख व्हेंडिंग मशीन आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पेयांची आहेत. प्लॅटफॉर्मवर, ऑफिसच्या जिन्याखाली, देवळाच्या पायऱ्यांशी, वस्तीतल्या चिंचोळ्या गल्लीत, कुठेही मशीन दिसतं. तिथले लोक त्याला ‘जिहानकी’ म्हणतात. कॅन किंवा बाटलीचा भाव साधारण १३० ते २०० येन असतो आणि लिहिलेली किंमत करासकट असते, वर काही द्यावं लागत नाही. पूर्वी या मशीनवर फक्त नाणी आणि नोटा चालायच्या. आता शहरांतल्या बऱ्याच मशीनवर कार्डाचा रीडर असतो, पण सगळ्या मशीनवर तो एकाच प्रकारचा नसतो. नव्या माणसाचा गोंधळ उडतो तो इथेच.

आपलं टॅप कार्ड तिथे का चालत नाही

आपल्या बँकेच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर चार वक्र रेषांचं चिन्ह असतं, ते टॅप करून आपण दुकानात पैसे देतो. जपानी मशीनवरही टॅप करण्याची जागा दिसते, म्हणून माणूस तेच कार्ड लावतो. काहीच होत नाही. कार्ड खराब नसतं आणि मशीनही बिघडलेलं नसतं. दोन्हीकडे लहरींची वारंवारता एकच, १३.५६ मेगाहर्ट्झ. पण त्यावरून संवाद करण्याची पद्धत वेगळी. बँकांची कार्डं ए किंवा बी प्रकारची असतात, तर जपानी रेल्वेची कार्डं सोनी कंपनीच्या फेलिका तंत्रावर चालतात. अनेक मशीनचे रीडर फक्त फेलिकाच ओळखतात.

जपानने वेगळं तंत्र का घेतलं, तेही समजून घेण्यासारखं आहे. टोकियोच्या स्टेशनांत सकाळी जी गर्दी असते, तिच्यात फाटकावर क्षणभरही कुणी अडकून चालत नाही. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने १८ नोव्हेंबर २००१ रोजी सुइका कार्ड आणलं, तेव्हा कार्ड वाचून पैसे कापण्याचं काम ०.२ सेकंदात व्हावं ही अट होती. बँकेला विचारून उत्तर येईपर्यंत थांबायला तिथे वेळच नाही. त्यामुळे शिल्लक रक्कम कार्डातल्या चिपमध्येच लिहिलेली असते आणि रीडर ती तिथल्या तिथे कमी करतो. आपल्याकडे मेट्रोचं एनसीएमसी कार्ड वापरलं असेल, तर ही कल्पना ओळखीची वाटेल. व्हेंडिंग मशीनला हीच पद्धत सोयीची पडली. लहान रक्कम, झटपट व्यवहार, माणसाची गरज नाही.

याची दुसरी बाजू ध्यानात ठेवा. नाव न नोंदवलेलं कार्ड हरवलं, तर आतले पैसेही गेले. म्हणून कार्डात एका वेळी भरमसाट रक्कम ठेवू नका. तशीही मर्यादा २०,००० येनची आहे.

नव्या मशीनवर अधूनमधून बँकेचं टॅप कार्डही चालू लागलं आहे. त्या रीडरवर तेच चार वक्र रेषांचं चिन्ह असतं. ते दिसलं तर आपलं कार्ड लावून बघायला हरकत नाही, फक्त परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून सुरू केलेले हवेत. त्यावर विसंबून मात्र राहू नका. १५० येनच्या चहासाठी बँक परदेशी चलनाचं शुल्कही लावू शकते.

कोणतं कार्ड घ्यायचं

टोकियोत उतरणाऱ्यासाठी दोन नावं: जेआरचं सुइका आणि मेट्रो-खासगी रेल्वेचं पास्मो. ओसाका-क्योतोकडे जेआर वेस्टचं इकोका. ‘यांतलं चांगलं कोणतं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असं की जे पहिल्या स्टेशनात मिळेल ते घ्या. २३ मार्च २०१३ पासून देशातली अशी दहा प्रमुख कार्डं एकमेकांच्या भागात चालतात. सुइका घेऊन ओसाकाच्या मशीनवर चहा घेता येतो आणि इकोका घेऊन टोकियोच्या. फक्त दहापैकी पितापा या कान्साइतल्या, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागातल्या, कार्डाची खरेदीची व्यवस्था वेगळी आहे, पण नवख्याचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही.

निशि-कासाईला, म्हणजे टोकियोत आपली भारतीय मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या भागात, घर मिळालं असेल तर ते स्टेशन टोकियो मेट्रोच्या तोझाई मार्गावर आहे. तिथल्या यंत्रावर पास्मो मिळेल. सुइका हवं म्हणून जेआरचं स्टेशन शोधत जाण्याची गरज नाही.

साध्या सुइकासाठी ५०० येन अनामत असते. १,००० येन दिले की ५०० अनामत आणि ५०० वापरायला. चिपच्या टंचाईमुळे २०२३च्या उन्हाळ्यात सुइका आणि पास्मोची विक्री थांबवली होती, ती १ मार्च २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. इंटरनेटवर अजून ‘कार्ड मिळत नाही’ असे जुने सल्ले फिरतात, त्यांकडे लक्ष देऊ नका.

दोन-तीन आठवड्यांसाठीच जात असाल तर नारिता किंवा हानेदा विमानतळावर वेलकम सुइका घ्या. त्याला अनामत नाही, पण ते २८ दिवसांनी बंद होतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. सोबत मुदत लिहिलेला एक कागद मिळतो, तोही जपून ठेवा.

पैसे कसे भरायचे? स्टेशनातल्या तिकीट यंत्रावर भाषा बदलण्याचं बटण असतं, ते दाबून इंग्रजी निवडा. कार्ड खाचेत घाला किंवा ठेवायच्या जागी ठेवा, ‘चार्ज’ निवडा, रक्कम निवडा, नोट घाला. बहुतेक ठिकाणी यासाठी रोख रक्कमच लागते. तेव्हा विमानतळावर येन काढून घ्यायला विसरू नका. सेव्हन-इलेव्हन, लॉसन किंवा फॅमिलीमार्ट दुकानातल्या कॅशियरला कार्ड दाखवून ‘चार्जी’ म्हटलं आणि नोट पुढे केली, तरी काम होतं. जपानी यायलाच हवी असं नाही.

मशीनसमोर

आता प्रत्यक्ष मशीन. सर्वांत सोपं मशीन जेआरच्या प्लॅटफॉर्मवर भेटतं. समोर नमुन्याच्या बाटल्या, प्रत्येकीखाली किंमत आणि बटण. उजवीकडे छातीच्या उंचीवर तळहाताएवढी चौकोनी जागा, तिच्यावर आयसी (IC) ही अक्षरं किंवा कार्डांची लहान चित्रं. हाच रीडर. बाटलीखालच्या पट्टीचा रंग बघा: निळी पट्टी म्हणजे थंड, लाल पट्टी म्हणजे गरम. हिवाळ्यात एकाच मशीनच्या वरच्या ओळी निळ्या आणि खालची लाल असते. घाईत लाल पट्टीवरचं बटण दाबलं तर हातात चटका बसेल इतका गरम कॅन येतो.

हव्या त्या पेयाचं बटण दाबा. कार्डाच्या मशीनवर आधी पैसे न टाकता बटण दाबायचं असतं, हे नव्या माणसाच्या लवकर पचनी पडत नाही. बटण दाबलं की लहान पडद्यावर किंमत येते आणि रीडरचा दिवा लागतो. मग कार्ड रीडरवर सपाट टेकवा आणि तसंच धरा. ‘पिप्’ असा आवाज येतो, पडद्यावर उरलेली शिल्लक दिसते, खाली बाटली पडते. आवाज आल्याशिवाय कार्ड उचलायचं नाही. स्टेशनच्या फाटकावर चटकन टेकवून पुढे जायची सवय लागली की मशीनवरही हात लवकर उचलला जातो आणि व्यवहार अर्धवट राहतो. तसं झालं तर रीडर पुन्हा लाव म्हणून सांगतो. तेव्हा तेच कार्ड लावा, दुसरं नको.

कार्ड पाकिटातून बाहेर काढून लावा. पाकिटात सुइका, ऑफिसचं ओळखपत्र आणि बँकेचं कार्ड एकत्र असेल तर रीडर गोंधळतो. ‘कार्ड चालत नाही’ या तक्रारींमागे मला बहुतेक वेळा हेच कारण दिसलं आहे.

बटण दाबून काही सेकंद काहीच केलं नाही तर निवड आपोआप रद्द होते. पैसे जात नाहीत. पुन्हा दाबा.

रीडरवर बरीच बटणं असतील तर

कोका-कोलासारख्या कंपन्यांच्या अनेक मशीनवर वेगळा रीडर असतो, ज्याच्यावर पाच-सहा चिन्हांची रांग असते: नानाको, वाओन, राकुतेन एडी, आयडी, क्विकपे आणि रेल्वे कार्डं. हे सगळे पैसे देण्याचे वेगवेगळे प्रकार. नानाको सेव्हन-इलेव्हनचं, वाओन एऑन या मॉल-समूहाचं. तुमच्याकडे रेल्वेचं कार्ड आहे, तेव्हा तुमचं बटण एकच: सुइका-पास्मो-इकोका यांची चित्रं एकत्र असलेलं.

इथे एक पायरी वाढते. पेयाचं बटण, मग रीडरवर रेल्वे कार्डाचं बटण, मग कार्ड. काही मशीनवर पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल असते. ओळखायची खूण सोपी आहे. पेयाचं बटण दाबल्यावर किंमत उजळली तर पुढे जा. काहीच झालं नाही तर आधी रीडरवरचं कार्डाचं बटण दाबा आणि मग पेय निवडा. या दोनपैकी एक क्रम हमखास लागतो.

चुकून वाओनचं बटण दाबून सुइका लावलं तर मशीन नकार देतं, पैसे कापत नाही. न घाबरता पहिल्यापासून सुरुवात करा.

मागे कुणी उभं असेल तर घाई करू नका. जपानमध्ये लोक शांतपणे थांबतात आणि अडलेल्या माणसाला बरेचदा स्वतःहून मदत करतात.

आता मोबाइल

यूपीआयची सवय असलेला माणूस आधी क्यूआर कोड शोधतो. काही मशीनवर तो असतोही, पण तो पेपे किंवा तत्सम जपानी सेवांसाठी. पेपेचं खातं उघडायला जपानी मोबाइल क्रमांक लागतो. म्हणजे तिथे राहायला गेलेल्या आणि जपानी सिम घेतलेल्या माणसासाठी ते ठीक, पर्यटकासाठी नाही.

आयफोन असेल तर वाट बरीच मोकळी आहे. आयफोन ८ आणि त्यापुढच्या सगळ्या फोनमध्ये, कुठल्याही देशात विकत घेतलेले असले तरी, फेलिका चालतं. वॉलेट अॅपमध्ये सुइका, पास्मो किंवा इकोका जोडता येतं. अडचण येते ती पैसे भरताना. अॅपल पेमध्ये चालणारं कार्ड जोडलेलं असेल, तर फोनवरूनच रक्कम भरता येते. भारतीय बँकेचं कार्ड तिथे जोडता येत नसेल, तर स्टेशनातून साधं प्लास्टिकचं सुइका घ्या आणि ते वॉलेटमध्ये हलवा. कार्डाचे शेवटचे चार अंक टाकायचे, फोन कार्डावर ठेवायचा आणि काम होईपर्यंत हलवायचा नाही. अनामतीचे ५०० येनही शिल्लक रकमेत जमा होतात. प्लास्टिकचं कार्ड मात्र त्यानंतर कायमचं बंद, ते पुन्हा वापरता येत नाही. पुढे रक्कम भरायची ती रोखीने: दुकानात फोन दाखवून, किंवा सेव्हन बँकेच्या एटीएमवर फोन ठेवून. ही एटीएम सेव्हन-इलेव्हनमध्ये असतातच.

मार्च २०२५ मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी वेलकम सुइका मोबाइल नावाचं आयफोनचं अॅप आलं. त्यातलं कार्ड १८० दिवस चालतं. प्लास्टिकच्या वेलकम सुइकापेक्षा मुदत बरीच मोठी, म्हणून तीन-चार महिन्यांच्या कामासाठी जाणाऱ्याला ते सोयीचं.

मशीनवर आयफोनचा वरचा भाग रीडरला लावा, अँटेना तिथे असतो. एक्सप्रेस ट्रान्सिट सुरू असेल तर फोन उघडावा लागत नाही, चेहरा दाखवावा लागत नाही. अलीकडच्या आयफोनमध्ये बॅटरी संपून फोन बंद पडल्यावरही काही तास हे कार्ड चालतं. दिवसभर नकाशा बघून फोन मान टाकतो, तेव्हा याची किंमत कळते.

अँड्रॉइडवाल्यांना मात्र स्पष्टच सांगतो: भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर हे करण्याचा प्रयत्न सोडून द्या. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ओसाइफु-केताई ही सोय असते, तीच मोबाइल सुइकाचा पाया आहे. बाहेरच्या फोनमध्ये ती नसते, अॅप टाकून ती येतही नाही. तुमच्यासाठी प्लास्टिकचं कार्ड उत्तम. तिथे राहायला गेलात आणि पुढे जपानी फोन घेतलात, तर तेव्हा बघा.

कोका-कोलाचं कोक ऑन अॅप वेगळ्या पद्धतीने चालतं. ते ब्लूटूथने मशीनशी जोडलं जातं आणि प्रत्येक खरेदीला एक शिक्का मिळतो. १५ शिक्क्यांवर एक पेय फुकट. रोज ऑफिसमधल्या त्याच मशीनवरून कॉफी घेणाऱ्याने ते जरूर घ्यावं. आठवड्यासाठी गेलेल्याने नाही घेतलं तरी चालेल.

अडलं तर

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे शिल्लक कमी. १६० येनची बाटली आणि कार्डात १४० येन, तर वरचे २० येन नाण्यांत टाकून भागत नाही. एक तर पूर्ण कार्ड, नाही तर पूर्ण रोख. पुष्कळ मशीनवर काहीही न निवडता कार्ड नुसतं टेकवलं की शिल्लक दिसते.

नाणी आधीच टाकलेली असतील तर रीडर चालू होत नाही. नाण्यांच्या फटीजवळची दांडी खाली ओढा, नाणी परत येतात, मग कार्ड लावा.

बटणावर लाल अक्षरं उजळलेली असतील तर तो माल संपला आहे. त्याला ‘उरीकिरे’ म्हणतात. कार्ड कितीही लावलं तरी काही होणार नाही, दुसरं पेय निवडा.

पैसे कापले गेले आणि बाटली आलीच नाही, असं क्वचित घडतं. मशीन हलवू नका, लाथ मारू नका. समोरच्या बाजूला कंपनीचा फोन क्रमांक आणि मशीनचा क्रमांक लिहिलेला असतो. दोन्हींचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि जपानी येणाऱ्या सहकाऱ्याकडून फोन करवा.

त्याच ठिकाणी बरेचदा मशीनच्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिलेला स्टिकर असतो. हा खास आवर्जून सांगतो, कारण त्याचा उपयोग पेयापुरता नाही. अपघात झाला, कुणाला चक्कर आली आणि ११९ वर रुग्णवाहिका बोलवायची झाली, तर अनोळखी गल्लीत ‘मी कुठे आहे’ याचं उत्तर जवळच्या मशीनवर मिळतं. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशमनासाठी ११९, हे दोन क्रमांक आधीच पाठ करा. फोनमध्ये जतन करताना आकड्यांचा क्रम तपासून घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी: हिवाळ्यात लाल पट्टीवर मक्याचं सूप मिळतं, त्यात मांसाचा अर्क असू शकतो. काही मशीनवर माशांचं सारही बाटलीत मिळतं. दुधाचा गरम चहा आणि ओशिरुको हे लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड पेय हे जास्त सुरक्षित पर्याय, तरी फोनच्या भाषांतर अॅपने घटक वाचून घ्या.

थोडी रोख जवळ असू द्या

गावाकडची, डोंगरातली, जुनी मशीन आजही फक्त रोख घेतात. वीज गेली, भूकंप झाला तर कार्डाची व्यवस्था बंद पडू शकते. खिशात १०० येनची सात-आठ नाणी ठेवा. मशीन १०, ५०, १०० आणि ५०० येनची नाणी आणि १,००० येनची नोट घेतात. १ आणि ५ येन चालत नाहीत, ५,००० आणि १०,००० च्या नोटाही बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. ५०० येनचं नवं दुरंगी नाणं नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं आणि नव्या नोटा ३ जुलै २०२४ रोजी. जुन्या मशीनना त्या ओळखता येत नाहीत, म्हणून नव्या नोटा कार्डात भरायला वापरा आणि १०० येनची नाणी मशीनसाठी राखून ठेवा.

परतताना

ऑफिसला हिशेब द्यायचा असेल तर स्टेशनातल्या यंत्रावर कार्डाचा वापर छापून मिळतो. त्यात मशीनवरची आणि दुकानातली खरेदी ‘बुप्पान’ या एकाच नावाखाली येते. काय घेतलं ते कळत नाही, रक्कम तेवढी कळते.

साधं सुइका परत केलं तर ५०० येन अनामत मिळते, पण शिल्लक रकमेतून २२० येन शुल्क कापलं जातं. शिल्लक २२० पेक्षा कमी असेल तर तेवढीच जाते. म्हणून शेवटच्या दिवशी मशीनवर चहा-कॉफी घेऊन कार्ड शून्याजवळ आणा आणि मगच खिडकीवर जा. सुइका फक्त जेआर ईस्टच्या भागात परत करता येतं. कान्साइ विमानतळावरून निघणार असाल तर टोकियो सोडण्याआधीच हे उरका. आणि पुन्हा यायचा बेत असेल तर परत करूच नका: शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते चालू राहतं, आणि नाव न नोंदवलेलं कार्ड घरातल्या दुसऱ्या कुणाला देता येतं.